धरलेला खांदा

मराठी भाषेने माणसाच्या खांद्यावर जितके ओझे टाकले आहे, तितके दुसऱ्या कोणत्याही अवयवावर टाकले नसेल. जबाबदारी येते ती खांद्यावर, बंदूक ठेवायची ती दुसऱ्याच्या खांद्यावर, लढायचे ते खांद्याला खांदा लावून, आणि अखेरीस जायचे तेही चौघांच्या खांद्यावरून. मंत्रिमंडळात फेरबदल झाला की मराठी वृत्तपत्रे ‘खांदेपालट’ असा मथळा देतात. हा शब्द मूळचा ओझे वाहणाऱ्यांचा. एक खांदा भरून आला की भार दुसऱ्यावर घ्यायचा. दिल्लीत नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाला मात्र खांदेपालट म्हणजे दारावरची नवी पाटी आणि टेबलावरच्या जुन्याच फायली. प्रत्यक्ष स्वतःच्या खांद्याचा विचार करण्याचा प्रसंग वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत आमच्यावर आला नव्हता.

तो आला २०२३ च्या नोव्हेंबरात. सकाळच्या गर्दीत मेट्रोच्या डब्यात उभे असता आम्ही नेहमीप्रमाणे डावा हात वरच्या कडीकडे नेला, आणि गाडीने हिसका देताच खांद्यापासून दंडापर्यंत अशी कळ गेली की आमच्या तोंडून अस्सल वऱ्हाडी उद्गार बाहेर पडला. शेजारच्या सरदारजींनी दचकून जागा दिली. कळ मिनिटभरात ओसरली, आणि आम्ही ती विसरलो. दुखणे डावीकडे होते आणि आमची लेखणी उजव्या हातात असते. सरकारी कामास बाधा येत नाही तोवर दुखण्याची दखल घेऊ नये, ही सवय आमच्या अंगी नोकरीत चांगलीच मुरली आहे.

परंतु दुखण्याने आमची दखल घेण्याचे सोडले नाही. डिसेंबर उजाडला तेव्हा डाव्या कुशीवर निजणे अशक्य झाले. रात्री दोनच्या सुमारास ठणक्याने जाग येई आणि मग दिल्लीच्या थंडीत रजई सावरत पहाटेची वाट पाहणे एवढेच हाती राही. पुढे हात मागे जाईना. पाठीमागच्या खिशातले पाकीट काढता येईना. सदरा घालताना घरात एक छोटासा समारंभ होऊ लागला. सौभाग्यवती बाही धरून उभ्या राहत आणि आम्ही त्यात शिरण्यासाठी अंगाचे नाना प्रकारचे वळसे घेत असू. सहा वर्षांच्या आमच्या कन्येला या कसरतीचे मोठे कौतुक वाटे. तिला खांद्यावर बसवून कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत नेण्याचा आमचा रविवारचा नेम मात्र मोडला. तिने दोन रविवार विचारले. तिसऱ्या रविवारी विचारले नाही. ते न विचारणेच आम्हांस अधिक लागले.

दुखण्याची वार्ता आमच्या विभागात पसरली तेव्हा भारताच्या एकात्मतेचे विलोभनीय दर्शन घडले. आमच्या खोलीत सात माणसे बसतात आणि ती सहा प्रांतांची आहेत. प्रत्येक प्रांताने आपापला उपाय पुढे केला. बंगाली गृहस्थांनी साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची कुपी आणून दिली. केरळच्या सहकाऱ्याने औषधी पाल्याच्या गरम पुरचुंड्यांनी शेकण्याची ‘किळी’ आणि तेल लावून अंग चोळण्याची ‘उळिच्चिल’ यांचे असे वर्णन केले की दुखण्याचाही क्षणभर हेवा वाटावा. आंध्रच्या मित्राने पुत्तूरच्या प्रसिद्ध हाडवैद्यांची महती सांगितली. पंजाबी अधीक्षकांनी फायलीतून डोके वर न काढता एकच शब्द उच्चारला, “पहलवान.” आणि महाराष्ट्रीय मंडळींनी, आपल्या स्वभावास अनुसरून, आधी आम्ही काय चुकलो ते सांगितले.

आम्ही पदवीधर असल्यामुळे प्रथम पुस्तकांकडे वळलो. आमचे दुखणे प्राचीन निघाले, याने थोडे समाधान वाटले. सुश्रुतसंहितेत ‘अवबाहुक’ या नावाने त्याचे वर्णन आहे. खांद्याच्या ठिकाणी राहिलेला वायू तेथील बंधने आणि शिरा आखडून टाकतो, असे ते निदान. त्यावर स्नेहन, स्वेदन आणि नस्य, म्हणजे तेल लावणे, शेकणे आणि नाकात औषध सोडणे, असे उपाय आयुर्वेदाने सांगितले. अंगाला रोज तेल लावावे हे तर वाग्भटाने निरोगी माणसाच्या दिनचर्येतच घालून ठेवले आहे. आपल्याकडे मालिश ही चैन कधीच नव्हती. बाळंतिणीला आणि बाळाला ती लागे, तालमीतल्या पोराला लागे, न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्याला पदरमोड न करता मिळे. पाटण्याच्या बाजूचा दीन महंमद नावाचा मनुष्य ही विद्या घेऊन इंग्लंडात गेला. १८१४ च्या सुमारास ब्रायटन येथे समुद्रकाठी त्याने वाफेचे स्नान आणि चंपी यांचे दुकान थाटले, आणि पुढे तो इंग्लंडच्या राजाचा ‘शँपू करणारा वैद्य’ म्हणून मिरवला. आज आपण ज्या शँपूने डोके धुतो तो शब्द आपल्या चांपण्याचाच वंशज आहे. आमच्या वसाहतीबाहेर पिंपळाखाली खुर्ची मांडून बसणारा न्हावी दहा मिनिटे खांदे दाबून देई तेव्हा आम्ही या परंपरेचे मनोमन स्मरण करीत असू. त्या दहा मिनिटांत फार बरे वाटे. अकराव्या मिनिटाला मात्र हात होता तेथेच असे.

अखेर जानेवारीत आम्ही पंजाबी शब्दास मान दिला. त्या पहिलवानांचे नाव आणि ठिकाण सांगण्याचे कारण नाही. गृहस्थ वयोवृद्ध, भारदस्त आणि प्रेमळ होते. भिंतीवर त्यांच्या तरुणपणीच्या कुस्त्यांची छायाचित्रे होती. त्यांनी कोमट तेलाने खांदा असा काही चोळला की आमचे डोळे मिटले. तेवढ्यात त्यांनी आमच्या मुलाबाळांची चौकशी केली, आम्ही उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, आणि त्याच क्षणी त्यांनी आमचा हात धरून वर हिसका दिला. काहीतरी कडकन वाजले. “खुल गया,” ते म्हणाले. प्रत्यक्षात खुलले होते ते आमचे तोंडच. पुढच्या पाच रात्री आम्ही खुर्चीत बसून काढल्या, आणि सहाव्या दिवशी हात पूर्वी जाई त्याहूनही वीतभर कमी वर जाऊ लागला.

फेब्रुवारीत दवाखान्यातील डॉक्टरांनी आमचा एक्स-रे काढवला. तो निर्दोष निघाल्यावर त्यांनी आम्हांस फिजिओथेरपीकडे पाठवले. आमची अशी कल्पना होती की तेथे विजेची यंत्रे असतील आणि त्यांच्या तारा आमच्या अंगाला लावतील. यंत्रे होती, पण तेथील तरुण बाईंनी ती झाकूनच ठेवली. पंचविशी नुकतीच ओलांडलेली ती मुलगी होती. तिने प्रथम आमचा हात हातात घेतला. तीन महिन्यांत पुष्कळांनी आमच्या खांद्यावर उपाय सुचवले होते, एकाने तो ओढलाही होता. परंतु त्याला नेमके काय झाले आहे हे त्यालाच विचारून पाहणारी ही पहिलीच व्यक्ती.

तिची परीक्षा अगदी साधी होती. तिने आम्हांस हात समोरून वर करण्यास सांगितले. तो खांद्याच्या रेषेपाशी अडला. मग “ढीला छोड़िए, सर” म्हणून तिने तोच हात स्वतः उचलला, आणि तो तेथेच अडला. नंतर दोन्ही कोपरे कुशींना टेकवून तिने पंजे बाहेरच्या बाजूस वळवले. उजवा पंजा दार उघडावे तसा बाहेर गेला. डावा जेमतेम किलकिला झाला. तिने मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिले. अर्थ असा की, स्नायू फाटला असता तर आम्हांला हात उचलता आला नसता, पण तिला उचलता आला असता. येथे मालकाचाही हात चालत नव्हता आणि परक्याचाही. म्हणजे दोष उचलणाऱ्यात नव्हता, सांधाच आवळला होता.

तिने मग खांद्याची रचना समजावून सांगितली. ती ऐकल्यापासून आम्ही आमच्या उजव्या खांद्याकडेही आदराने पाहतो. मांडीचे हाड कमरेच्या खोल वाटीत बसते. दंडाच्या हाडाचा गोल माथा मात्र एका उथळ खाचेपाशी, बशीत लिंबू ठेवावे तसा टेकलेला असतो. म्हणूनच हात सर्व दिशांना फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही लवकर. त्या लिंबाला बशीवर धरून ठेवण्याचे काम चार लहान स्नायू करतात, आणि सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. सदरा शिवताना चांगला शिंपी काखेत थोडे कापड सैल सोडतो. ते नसेल तर हात वर करताच सदरा ओढला जातो. निसर्गानेही या पिशवीचा काखेकडचा भाग असाच सैल ठेवला आहे. आमच्या दुखण्यात ही पिशवी सुजते, जाड होते आणि आटते. सैल ठेवलेले कापडच जणू कोणी टाचून टाकते. मग हात वर जात नाही, मागे जात नाही, आणि सर्वांआधी बाहेर वळेनासा होतो.

या व्याधीला इंग्रजीत फ्रोझन शोल्डर, म्हणजे गोठलेला खांदा, असे नाव आहे. पॅरिसच्या द्युप्ले याने १८७२ साली तिचे वर्णन केले होते, पण हे नाव दिले ते बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शस्त्रवैद्याने, १९३४ सालच्या आपल्या ग्रंथात. तो सबंध ग्रंथ केवळ खांद्यावर आहे. पुढे १९४५ मध्ये नेव्हियासर याने दोष त्या पिशवीत आहे हे दाखवून तिला शास्त्रीय नाव दिले. कॉडमनविषयी आम्ही अधिक वाचले तेव्हा हा मनुष्य आम्हां कारकुनांचा कुलपुरुष शोभेल असे वाटले. तो प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवी. शस्त्रक्रिया झाली, रुग्ण घरी गेला, म्हणजे प्रकरण निकालात निघाले असे तो मानीत नसे. वर्षाने तो पुन्हा विचारी, की शेवटी गुण आला का, आणि नसेल तर चूक कोणाची? सर्वच रुग्णालयांनी हे करावे असा आग्रह त्याने धरला. त्यापायी शहरातल्या मोठ्या रुग्णालयातील जागा सोडून त्याने स्वतःचे लहानसे रुग्णालय चालवले. तेथील ३३७ रुग्णांचा हिशेब त्याने छापून प्रसिद्ध केला, आणि त्यात स्वतःच्या १२३ चुका नोंदवल्या. आमच्या आजवरच्या नोकरीत शेकडो फायलींवर ‘निकाली’ असा शेरा आम्ही मारला आहे. एकाही फाईलला वर्षाने जाऊन काय झाले असे विचारल्याचे स्मरत नाही.

या बाईंनी दुसराही एक प्रश्न विचारला. तो खांद्याचा नव्हता. “रक्तातली साखर कधी तपासली आहे का?” हा खांदा बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान धरतो, आणि स्त्रियांत अधिक. चाळिशीच्या आत तो धरला की मधुमेहाकडे आणि थायरॉइडकडे पाहून घ्यावे असे ती म्हणाली. मधुमेह्यांत हे दुखणे इतरांहून पुष्कळच अधिक आढळते. साखर शरीरातील तंतूंना चिकटत जाऊन ते ताठर करते, हे त्याचे एक कारण मानले जाते. आम्ही हसून तपासणी केली. मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी हिशेब देणारी जी परीक्षा असते तिचा आकडा साडेसहा किंवा त्यापुढे गेला की मधुमेह धरतात. आमचा निघाला आठ पूर्णांक एक. लेखापरीक्षकाने वरवरच्या एका पावतीवरून मागची सर्व अफरातफर उघडी करावी तसे ते झाले. खांदा आम्हांस चार महिने काही सांगत होता, आणि आम्ही त्याचे तोंड तेलाने बंद करीत होतो.

उपचार सुरू झाले. पहिलवानांच्या हिसक्याची हकीगत ऐकून बाईंनी फक्त एक निःश्वास टाकला. त्यांच्या शास्त्राप्रमाणे या दुखण्याच्या तीन अवस्था असतात. पहिली ठणक्याची, दुसरी आखडण्याची, तिसरी सुटण्याची. सर्व मिळून वर्ष ते तीन वर्षे जातात. पहिल्या अवस्थेत जोर करणे म्हणजे चिडलेल्या बैलाला पराणी टोचणे. नेदरलंड्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७७ रुग्णांना दोन वर्षे पाहिले होते. त्यांत दुखेल तेथवरच हलकी हालचाल करणारे, जोराने ताणून घेणाऱ्यांपेक्षा अधिक बरे झाले. म्हणून तिच्या हातांचा आरंभ जवळजवळ अदृश्य होता. उताणे निजवून, दंडाखाली उशी देऊन, ती दंडाच्या माथ्यावर हात ठेवी आणि त्याला सांध्यातल्या सांध्यात तसूभर मागेपुढे सरकवी. ऑस्ट्रेलियाच्या मेटलंड नावाच्या उपचारकाने या हालचालींच्या पायऱ्या लावून दिल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांत हालचाल सांधा जेथे अडतो त्या जागेपर्यंत पोचतच नाही. त्या केवळ दुखणे शमवण्यासाठी असतात. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीला हात त्या अडणीवर जाऊन तिला हळूहळू मागे सारतो. कोणती पायरी केव्हा, हे रुग्णाच्या चेहऱ्यावरून आणि हाताखाली लागणाऱ्या विरोधावरून ठरवायचे. “सर, मैं दबाती कम हूँ, सुनती ज़्यादा हूँ,” असे ती एकदा म्हणाली. मालिश करणाऱ्याच्या आणि तिच्या हातांत हाच फरक होता.

घरी करण्याचे पाठ निराळे. टेबलावर उजवा हात टेकून वाकायचे आणि डावा हात घड्याळाच्या लंबकासारखा लोंबता सोडायचा. हीही कॉडमनचीच देणगी. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखे चढायचे आणि जेथवर पोचलो तेथे पेन्सिलीने खूण करायची. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. एवढ्या एका वाक्याने आमच्या घरातला सकाळचा समारंभ संपला. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा मात्र वाढत गेल्या. कन्येने त्यांच्या शेजारी स्वतःच्या उंचीच्या रेघा काढल्या. काही महिने ती आमच्यापेक्षा वेगाने वाढत होती.

येथे प्रामाणिकपणे एक नोंद केली पाहिजे, नाहीतर कॉडमनच्या कार्डाचा अपमान होईल. आमचा ठणका खरोखर कमी झाला तो मार्चमध्ये सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या सुईनंतर. त्या सुईने आमची साखर काही दिवस वर गेली, तिच्यावर डोळा ठेवावा लागला, पण झोप परत आली. २०१४ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष हाच होता की पहिल्या काही आठवड्यांत हातांचे उपचार आणि व्यायाम या सुईची बरोबरी करीत नाहीत. दुसऱ्या टोकाला शस्त्रक्रियेचे भक्त असतात. त्यांच्यासाठी २०२० साली ब्रिटनमधील ३५ रुग्णालयांतल्या ५०३ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. भूल देऊन खांदा मोकळा करणे, दुर्बिणीतून पिशवी कापणे, आणि सुईसह पद्धतशीर फिजिओथेरपी या तीन मार्गांनी वर्षभरात आलेल्या गुणांत मोठा फरक पडला नाही. तेव्हा हातांना चमत्कार म्हणू नये. सुईने ठणका थांबवला, काळाने गोठलेले वितळवले, आणि त्या बाईंच्या हातांनी दोन गोष्टी केल्या. मिळालेली हालचाल गमावू दिली नाही, आणि हात हलवण्याची जी भीती आमच्या मनात बसली होती ती काढली. दुसरे काम पहिल्याहून अवघड होते असे आम्हांस वाटते.

आमच्या आईचा फोन रविवारी येतो. ती वर्धा जिल्ह्यात थोरल्या बंधूंकडे असते. आपले दुखणे तिला कळवायचे नाही असे आम्ही ठरवले होते, पण कन्येने ते एका रविवारी परस्पर सांगून टाकले. पलीकडे थोडा वेळ शांतता झाली. मग आई म्हणाली, “तुयाही खांदा धरला का रे बाप्पा? मले तर दीड वरीस हात वर नाही गेला.”

आम्ही विचारले, केव्हा? बाबा गेले त्या साली, म्हणजे २०११ मध्ये. आम्ही तेव्हा सव्वीस वर्षांचे होतो आणि नोकरीच्या परीक्षेसाठी घरीच बसून अभ्यास करीत होतो. दीड वर्ष ती त्याच घरात आमच्यासमोर वावरत होती. अंबाडा शेजारची काकू बांधून देई. चोळी घालताना आधी कोणता हात घालावा हे तिने कोणी न सांगता शोधून काढले होते. रात्री निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून ती खांदा शेके, आणि त्या वासाची आम्ही तक्रार करीत असू. सांगितले का नाहीस, असे विचारल्यावर ती सहज म्हणाली, “सांगून काय होनार होतं? कापूस येचाचा होता.”

तेव्हाचा एक प्रसंग आम्हांस त्या क्षणी लख्ख आठवला. एका दुपारी तिने देवघरावरच्या फळीवरून डबा काढून देण्यास सांगितले होते. आम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून डोके वर न काढता “स्टुलावर चढ ना” असे म्हणालो होतो. ती चढली. स्टुलावर चढले की हात वर करावा लागत नाही, ही गोष्ट आम्हांस तेरा वर्षांनी, दिल्लीत, भिंतीवर बोटांनी चढता चढता समजली. अनेक देशांच्या राजधान्या पाठ असणाऱ्या उमेदवाराला आपल्या आईच्या हाताची उंची माहीत नव्हती.

आम्ही बंधूंना त्याच दिवशी सांगितले आणि त्यांनी आईला तालुक्याच्या रुग्णालयात नेले. तिची उपाशीपोटीची साखर दोनशे बारा निघाली. १२६ पासून पुढे मधुमेह धरतात. तो केव्हापासून आहे हे आता कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित तो खांद्याच्या वाटेने २०११ सालीच दार ठोठावून गेला असेल. तेव्हा तिचा हात कोणी हातात घेतला असता, तर दुसरा प्रश्नही विचारला गेला असता. तो हात धरण्याइतके जवळ आम्हीच होतो.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सायंकाळी ‘खांदशेकणी’ असते. पश्चिमेकडे तिला खांदेमळणी म्हणतात. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. त्याला धुऊन आणतात, जू ज्या ठिकाणी बसते तो खांदा गरम पाण्याने शेकतात, तूप आणि हळद कालवून पळसाच्या पानाने चोळतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देतात. लहानपणी ते तूप आम्हीही चोळले आहे. जुवाखालची ती जाड, घट्टे पडलेली कातडी हाताखाली लागली की बाबा म्हणत, जोर नको, नुसता हात फिरव. बैल डोळे अर्धे मिटून उभा राही. वर्षभर भार वाहणाऱ्याच्या खांद्याला वर्षातून एक संध्याकाळ द्यावी हे आमच्या पूर्वजांना सुचले होते. फक्त त्या गणतीत त्यांनी बैल धरले. तूप कढवून आणून देणारी बाई धरली नाही.

२०२५ च्या पोळ्याला आम्ही रजा काढून घरी गेलो. आमचा हात एव्हाना डोक्याच्या वर जाऊ लागला होता. मागे मात्र अजून दोन बोटे कमी पडतात, आणि बहुधा पडतच राहतील. साखर गोळ्या, चालणे आणि सौभाग्यवतींची करडी नजर यांमुळे आवाक्यात आहे. कन्या आता आठ वर्षांची आहे. तिला खांद्यावर घेण्याइतका हात सुटला, तोवर तिचे ते वयच गेले होते. घरी गोठा रिकामा होता. बैलजोडी बंधूंनी २०१९ मध्येच विकली आणि नांगरणीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. तरीही आईने सायंकाळी वाटीत तूप-हळद कालवली. कोनाड्यातल्या मातीच्या बैलांच्या खांद्याला बोट लावायचे एवढाच आता विधी उरला आहे. तो तिने केला आणि वाटी खाली ठेवली. वाटीत अजून पुष्कळ होते.

आम्ही ती वाटी उचलली आणि तिच्या मागे जाऊन बसलो. आमचा हेतू लक्षात येताच ती संकोचाने हसली. “मी काय बैल हाव का रे?” ती म्हणाली. आम्हांस उत्तर सुचले नाही. पण तिने पदर थोडा सरकवला आणि पाठ वळवून बसली. त्या दिल्लीच्या मुलीने शिकवले होते त्याप्रमाणे आम्ही प्रथम हात नुसता ठेवला. खांदा लहान होता, हाडाला हाड लागत होते. काखेमागची कातडी बाबांच्या बैलासारखीच राठ होती. पुढे कितीतरी वेळ आम्ही हात फिरवीत होतो, आणि ती काही बोलत नव्हती. मग म्हणाली, “उजवा नव्हता रे दुखत. डावा.”